डबीचं कपाळ

राजाजीनगरात विश्वासराव मोहिते टीव्ही दुरुस्त करायचे. दुकान खाली, घर वर. त्यांचा कोणी मूळपुरुष तीनशे वर्षांपूर्वी घोड्यावर बसून बेंगळुरात आला आणि परत गेलाच नाही. त्याची तलवार देवघराच्या भिंतीवर उरली आणि मराठी घरातल्यांच्या तोंडात. बाहेरचा सगळा कारभार कन्नडातून; ‘बरं’ला ‘सरी’ म्हणायची सवय तेवढी घरातही शिरलेली. माणूस हाताचा गुणी, मनाचा मऊ, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! दोष दुसऱ्याचा आहे असं एकदा त्यांच्या डोक्यात बसलं की प्रत्यक्ष ब्रह्मदेव आला असता तरी ते हललं नसतं.

त्यांची मुलगी दिव्यश्री बाविशीची होती. जन्मतानाच काहीतरी बिघडलं आणि हातपाय, जीभ काहीच तिच्या ताब्यात आलं नाही. डोकं मात्र लख्ख. डोळे वर नेले की हो, मिटले की नाही, एवढीच तिची भाषा. काही वर्षांपूर्वी विश्वासरावांच्या चुलतभावाने सिंगापूरहून एक कॉम्प्युटर आणून दिला. चपटी काळी पेटी, वर रबरी बटणं, टीव्हीला जोडायची. त्याची पोरं खेळून कंटाळली होती म्हणून इकडे आली, दुसरं काही नाही. पण विश्वासरावांनी मासिकं वाचून वाचून, डोकं खाजवून खाजवून त्यासाठी एक प्रोग्रॅम लिहिला. पडद्यावर इंग्रजी अक्षरांच्या ओळी, त्यांवरून एक चौकोन सरकत जायचा. हवं ते अक्षर आलं की दिव्यश्रीने हनुवटीखालचं बटण दाबायचं. पहिल्या दिवशी तिने इंग्रजी अक्षरांत मराठी वाक्य लिहिलं: ‘आईच्या उप्पिट्टात मीठ कमी असतं.’ तिची आई राजलक्ष्मीबाई आधी हसल्या आणि मग मोरीत जाऊन रडल्या.

त्या पेटीची एकच रड होती. बंद केली की सगळं विसरायची. रोज सकाळी कॅसेट लावायची, टेपरेकॉर्डर किंकाळ्या मारायचा आणि ऐन शेवटाला प्रोग्रॅम पडायचा. की पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी जेवणवेळेपर्यंत पोर गप्प. शिवाय आदल्या दिवशी तिने जे काही लिहिलं असेल ते गेलंच.

सत्त्याण्णव साली हे दुखणं संपलं. पुण्याहून नोकरीला आलेला शुभंकर नावाचा मुलगा टीव्ही दुरुस्तीला घेऊन आला, वर चहाला गेला आणि ती पेटी बघून जमिनीवरच बसला. दिवसभर कंपनीत मोठ्या कॉम्प्युटरांवर काम करायचा, पण जीव असल्या जुन्या यंत्रांवर. त्याने परदेशातल्या कोणाकडून टपालाने एक जोड मागवून दिला. काडेपेट्यांच्या पुड्याएवढी काळी डबी, तिला एका अंगाला खाच. पेटीच्या मागे तांब्याच्या पट्ट्या बाहेर आलेल्या असतात, त्या या खाचेत घट्ट बसवायच्या. डबीला वायरीने फ्लॉपी जोडलेली. बटण दाबलं की प्रोग्रॅम हजर. आणि दिव्यश्री बोलेल ते सगळं फ्लॉपीवर जमा. काल अर्धं राहिलेलं वाक्य ती आज पुरं करू लागली. आई-बापांशी भांडण दोन दिवस चालवू लागली. विश्वासराव गिऱ्हाइकांना ओढून वर न्यायचे, हे बघा म्हणायचे.

त्याच वर्षी राजलक्ष्मीबाईंची कंबर गेली. बाविशीच्या मुलीला रोज उचलून न्हाऊ घालायचं म्हणजे थट्टा नाही. डॉक्टर म्हणाले, पुन्हा उचललंत तर तुम्हालाच उचलावं लागेल. बेंगळुराबाहेर होसकोट्याच्या बाजूला अशा मुलांसाठी एक वसतिगृह होतं. तिथे एक जागा रिकामी झाली आणि दसऱ्यानंतर लगेच कळवा असा निरोप आला. राजलक्ष्मीबाई म्हणाल्या पाठवू या. विश्वासराव म्हणाले माझी पोर मी कुणाच्या दारात ठेवणार नाही, मी उचलीन. आता दुकान सोडून दिवसातून दहादा वर येणार कोण, ते त्यांनाही माहीत होतं. घरात धुसफूस सुरू झाली. शेवटी ठरलं, जिचं आयुष्य तिलाच विचारू. दिव्यश्रीने सावकाश लिहिलं: ‘दसरा होऊ दे. मग सांगते.’

आणि खंडेनवमी आली. मोहित्यांच्या घरात त्या दिवशी तलवार उतरते, पाटावर बसते, आणि तिच्या शेजारी दुकानातली सगळी हत्यारं. सोल्डरिंगची काडी, मीटर, पक्कड, पेचकस, सगळ्यांना ओलं गंध, ओलं कुंकू, फूल. आणि घराण्याचा नियम असा, की पूजेचं कुंकू पुसायचं नाही. ते आपोआप उतरेल तेव्हा उतरेल. विश्वासरावांच्या पक्कडीला दिवाळीपर्यंत लाल टिकली असायची.

त्या वर्षी त्यांनी कौतुकाने पेटीमागची ती डबीही काढली आणि पाटावर ठेवली. तलवारीला कपाळ असतं, मुठीखाली. पक्कडीला असतं. डबी सगळीकडून सारखीच काळी.

“हिचं कपाळ कुठलं गं?” त्यांनी लेकीला विचारलं.

दिव्यश्री अंग हलवून हलवून हसली. विश्वासरावांनी डबी उभी धरली, खाच म्हणजे तोंड असं ठरवलं आणि तोंडाच्या थोडं वर भरपूर गंधकुंकू लावलं. अक्षता टाकल्या, आरती ओवाळली, डबी पुन्हा जागेवर बसवली.

दसऱ्याच्या सकाळी बटण दाबलं तर पडद्यावर नुसत्या रंगीत चौकटी.

डबी काढली की पेटी ठीक चालायची. लावली की चौकटी. विश्वासराव खाली मांडी घालून बसले. वायर बदलली. वीज मोजली. फ्लॉपीचं डोकं पुसलं. पेटीच्या पट्ट्या खोडरबराने घासून चकचकीत केल्या. डबी मागून उघडली, संशय आला तो प्रत्येक टाका पुन्हा मारला. मात्र पुढचं कुंकू राखून, बरं का. त्याला बोट लागू दिलं नाही. जुनी कॅसेट शोधली तर पावसाळ्यात तिला बुरशी आलेली. नवीन सोय आली म्हणून जुनी ट्रंकेत फेकणारे तेच, आणि आता ट्रंकेवर चिडणारेही तेच.

पुढच्या दिवशीही तेच. दिव्यश्री खुर्चीत बसून बघत होती. कधी आईच्या तोंडाकडे, कधी अप्पांच्या हातांकडे.

एकदा मात्र प्रोग्रॅम आला. कसा कोण जाणे, आला. चौकोन सरकू लागला. राजलक्ष्मीबाई स्वयंपाकघरातून कमरेला हात लावून धावत आल्या. दिव्यश्रीने हनुवटी टेकवली. म. मग आणखी एकदा. मी. आणि चौकोन जागच्या जागी गोठला. बटण दाब दाब दाबलं, काही नाही. पडद्यावर नुसतं ‘मी’. मी काय? मी जाते, की मी नाही जात? विश्वासराव त्या एका शब्दाकडे बघत राहिले.

“अहो,” राजलक्ष्मीबाई हळूच म्हणाल्या, “हो-नाही तर ती डोळ्यांनी सांगते. विचारा ना.”

“एवढी मोठी गोष्ट हो-नाहीवर? तिला तिचं म्हणणं नीट मांडू दे. अर्धवट उत्तर मला नको.”

ऐकायला किती चांगलं वाटतं. राजलक्ष्मीबाई नवऱ्याला ओळखून होत्या.

शुभंकर कळल्यावर ऑफिसातून तसाच आला. “काका, खाचेच्या आत बघितलं का? स्प्रिंगा असतात बारीक. काही नवीन लागलंय का आत?”

“तुझ्या जन्माआधीपासून मी स्प्रिंगा बघतोय,” विश्वासराव म्हणाले. “तुझी डबीच खोटी. कुणीतरी टाकून दिलेला माल तू माझ्या पोरीच्या गळ्यात बांधलास. आधी तिची वाचा कॅसेटवर होती, रडतखडत का होईना, होती तरी. आता तीही गेली.”

शुभंकर पांढराफटक पडला. “काका, मी फक्त...”

“सरी, सरी. जा तू.”

मुलगा गेला. त्याच्यासाठी केलेली कॉफी ओट्यावर निवली. दिव्यश्रीने घशातून एक आवाज काढला, रागावली की काढायची तसा, आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. विश्वासरावांना वाटलं, पोर यंत्रावर रागावली आहे.

त्यानंतर तिने एक वेगळंच सुरू केलं. आई समोर आली की आईच्या कपाळाकडे टक लावायची. नजर हलवायचीच नाही. राजलक्ष्मीबाईंना वाटलं, सणाचे दिवस, पोरीला कुंकू हवंय. त्यांनी करंडा आणला आणि तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. दिव्यश्रीने डोळे मिटले. नाही. उघडले की पुन्हा आईचं कपाळ. मोठं लावू का? नाही. पुसू का? नाही. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. राजलक्ष्मीबाईंच्याही आलं.

होसकोट्याहून शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला, की उद्यापर्यंत सांगा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलीला जाईल. विश्वासराव वर आले ते पाय ओढत. खरं सांगायचं तर त्यांना मनातून जरा बरंच वाटलं होतं. यंत्र बंद, पोरीला विचारता येत नाही, जागा जाते तर जाईना. आणि हे बरं वाटल्याचीच त्यांना लाज वाटत होती.

राजलक्ष्मीबाई लेकीला भरवत होत्या. सार-भाताचा घास तोंडाशी आणि दिव्यश्रीची नजर आईच्या कपाळावर. विश्वासराव दारातच थांबले. यावेळी ते तिच्या तोंडाकडे नाही, तिच्या डोळ्यांकडे बघत होते. डोळे आईच्या कपाळावरून निघाले, खोली ओलांडून टेबलावर गेले, डबीवर थांबले. पुन्हा कपाळ. पुन्हा डबी.

हिचं कपाळ कुठलं गं?

विश्वासरावांनी डबी काढली आणि खिडकीशी नेली. खाचेवरचं कुंकू वाळून तडकलं होतं आणि त्याचा एक बारीक ओघळ खाचेच्या आत गेला होता. ज्या दोन बोटांनी लावलं तीच दोन बोटं आता हवेत राहिली. घराण्यात कोणी पूजेचं कुंकू पुसलं नव्हतं. त्यांनी भिंतीवरच्या तलवारीकडे एकदा बघितलं आणि पुसलं.

एका पातळ पुठ्ठ्याला मलमलीची चिंधी गुंडाळली, स्पिरिटमध्ये भिजवली आणि खाचेत आत-बाहेर फिरवली. चिंधी लाल निघाली. दुसरी निघाली तीही लाल, कडेला हिरवट. स्प्रिंगांवर गंधाचा थर बसला होता. चिंधी पांढरी निघेपर्यंत ते घासत राहिले. राजलक्ष्मीबाई ताट हातात धरून उभ्याच होत्या.

डबी लावली, बटण दाबलं. प्रोग्रॅम हजर.

“लिही गं बाई,” विश्वासराव म्हणाले. “आता काय लिहायचं ते लिही.”

चौकोन सरकू लागला. तो कधी इतका सावकाश वाटला नव्हता. पहिलं वाक्य आलं: ‘शुभंकरअण्णाला सॉरी सांगा.’

“सांगतो. सांगीन. पुढे?”

दिव्यश्रीने थोडा दम घेतला आणि पुन्हा हनुवटी टेकवली. विश्वासराव जाते, नाही जात, असं काहीतरी येईल म्हणून एकेक अक्षर ओठांनी वाचत होते. तसं काही आलं नाही. आलं ते असं: ‘माझे डोळे चालू होते अप्पा. विचारलं का नाही?’

बायको ऐकत होती, लेक बघत होती. विश्वासरावांना भीती वाटली होती, एवढंच, आणि ते दोघींना केव्हाच ठाऊक होतं. त्यांनी स्टूल ओढलं आणि टीव्हीकडे पाठ करून लेकीसमोर बसले.

“होसकोट्याला जायचंय तुला?”

दिव्यश्रीने डोळे वर नेले. खाली आणले नाहीत. अप्पांना नीट दिसावं म्हणून बराच वेळ तसेच ठेवले.

विश्वासराव रडले. बायकोसमोर, लेकीसमोर, तोंड न लपवता रडले. मग पंच्याने तोंड पुसलं.

“सरी,” ते म्हणाले.

खाली उतरून शेजाऱ्यांकडून त्यांनी आधी होसकोट्याला फोन केला, मग शुभंकरच्या ऑफिसात. तो लाइनवर आला. विश्वासरावांचं लेकीने शिकवलेलं तेवढं इंग्रजी, ‘सॉरी’, बोलून झालं. मग म्हणाले, “रविवारी मोकळा आहेस का? होसकोट्याला मशीन जोडून द्यायचंय. तिथल्या लोकांना डबी कशी काढायची, कशी लावायची, सगळं तू सांग. मी बाजूला उभा राहीन.”

“येतो काका,” शुभंकर म्हणाला. “झालं काय होतं?”

“कुंकू,” विश्वासराव म्हणाले आणि फोन ठेवून दिला.