गुलमोहराखाली बसायचं नाही

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दारातला गुलमोहर लाटण्यानं ठोकून बघितला. संध्याकाळी चहा झाल्यावर बाई खोडाला कान लावून उभी राहिली आणि मी ठोकत होतो. शेजारचे शिवूअण्णा झाडाखालच्या बाकड्यावर बसून बघत होते. म्हणाले, "अप्पा, कलिंगड पिकलं का?" बाईनं वळूनसुद्धा बघितलं नाही. मला म्हणाली, "जरा खाली मारा. तिथं ढब्ब वाजतंय."

बाई म्हणजे माझी बायको. जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं, म्हणून सगळी गल्ली तिला बाई म्हणायची. ऐकून ऐकून मीही तेच म्हणायला लागलो. मी सातवी नापास, पिठाची गिरणी चालवली. मामाची मुलगी म्हणून मिळाली. नाहीतर बी.एस्सी. झालेली पोरगी पिठानं पांढऱ्या झालेल्या माणसाकडे कशाला बघतीय.

तिचं सगळ्या जगाशी एका गोष्टीवरून भांडण होतं. बुरशीला झाड म्हणायचं नाही. मंडईत कुणी अळंबीला भाजी म्हटलं की तिथंच शिकवणी सुरू. "हिरवा रंग आहे का तिच्यात? उन्हात बसून स्वतःचं अन्न करते का? मग झाडात कशाला घालता?" भाजीवाली म्हणायची, "बाई, घ्यायची तर घ्या की. जात कशाला विचारताय?"

बुरशी झाडापेक्षा माणसाला जवळची, असंही तिचं म्हणणं. दोघंही दुसऱ्यानं केलेलं खातात. हे सांगताना माझ्या ताटाकडे बघायची. "तुम्ही आधी गिळता, मग पचवता. ती रस सोडून बाहेरच पचवते, मग शोषून घेते. निदान ढेकर तरी देत नाही." माझी बहीण एकदा आली आणि तिनं खिडकीतला डबा उघडला. आत पावाच्या तुकड्यावर पांढरी लव, तिच्यावर काळे ठिपके. म्हणाली, "वैनी, हे टाकायचं राहिलं वाटतं." बाई म्हणाली, "राहिलं नाही, ठेवलंय." बहिणीनं त्या दिवशी आमच्याकडे पाणीसुद्धा घेतलं नाही.

काळ्या मसाल्याचं दगडफूल निवडतानाही तोंड बंद नसायचं. "हे एक नाही, दोन जीव आहेत. बुरशी घर धरते, ओल धरते. शेवाळ आत बसून उन्हावर स्वयंपाक करतं." मी विचारलं, "मग भांडी कोण घासतं?" राग आला की ती अक्कलकोटच्या माहेरच्या कन्नडात शिरायची. "सुम्नीर्री," म्हणाली. म्हणजे गप बसा.

आमच्यात मेल्यावर पुरतात, याचा तिला आनंदच होता. "जाळलं तर नुसता धूर. पुरलं तर बुरशीची पंगत. तिचे धागे झाडांच्या मुळांना चिकटलेले असतात. एखाद्या बोरीला तरी पोचीन." मी म्हटलं, मला आधी जाऊ दे. तर म्हणाली, "तुम्हाला खायला बुरशीला शेंगाची चटणी लागेल तोंडी लावायला."

गुलमोहर तिनंच लावलेला. मागच्या पावसाळ्यानंतर त्याच्या बुंध्याला तांबडी बुरशी आली. ताटाएवढी, पॉलिश मारल्यासारखी, कडेनं पांढरी. अण्णांनी तिचा फोटो स्टेटसला ठेवला. बाईचा चेहरा मात्र उतरला. "हे नुसतं फळ आहे. खरी ती आत धाग्याधाग्यांनी पसरलीय. मुळं आणि गाभा खात आलीय, आता बाहेर येऊन दाखवतीय. झाड उतरवलं पाहिजे, नाहीतर कुणालातरी घेऊन पडेल."

आणि यंदा उन्हाळ्यात ते झाड असं फुललं की पान दिसेना. अण्णा म्हणाले, "बाई, मरायला लागलेलं झाड असं फुलतंय का?"

"फुलायला सालीखालचा पापुद्रा पुरतो, अण्णा. उभं राहायला गाभा लागतो, मुळं लागतात."

गल्ली ऐकेना. सोलापूरच्या उन्हात सावलीचं झाड पाडा म्हणणारी बाई. लोकांना वाटलं, वय झालं. ती अण्णांना बाकड्यावरून उठवायची, ती आत गेली की ते परत बसायचे.

त्या संध्याकाळी ठोकून झाल्यावर ती म्हणाली, "पोकळ आहे. उद्या सगळ्यांना एकेक करून कान लावायला लावते." जेवली, झोपली. सकाळी उठलीच नाही.

आमच्यात माणसाला बसवून नेतात. गल्लीतल्या पोरांनी बाहेर खुर्ची सजवली, झेंडूच्या माळा लावल्या, आणि ती ठेवली नेमकी गुलमोहराखाली. सकाळीच ऊन भाजायला लागलेलं. अंघोळ घालून, विभूती लावून तिला आणून बसवली. वरून फुलं पडत होती. बायका म्हणाल्या, बाईंचं झाड बाईंवर फुलं टाकतंय, आणि मोठ्यानं रडायला लागल्या. सगळी गल्ली त्या सावलीत दाटीवाटीनं बसलेली.

मी बाहेर आलो. म्हटलं, "खुर्ची उचला. तिकडं न्या, नळाजवळ."

"अप्पा, तितं ऊन हाय की."

"असू दे."

मागं कुणीतरी कुजबुजलं, अप्पांना सुचंना झालंय. अण्णांनी माझा दंड धरला. "म्हाताऱ्या बायका आहेत, बसू द्या सावलीला. आजच्या दिवस."

"बाई म्हणाली, हितं बसायचं नाही."

"बाई गेल्या, अप्पा."

"गेली की. झाड अजून उभंच हाय."

अण्णा वर झाडाकडे बघत राहिले. मग वाकले आणि त्यांनी खुर्चीची एक बाजू धरली.

बाईला उन्हात बसवली. मागोमाग सगळे उठले आणि पदर, टॉवेल डोक्यावर घेऊन, पुटपुटत उन्हात आले. अण्णांनी परत जाऊन आपलं बाकडंही ओढून आणलं. मी घरातून छत्री आणली आणि तिच्या डोक्यावर धरून उभा राहिलो. अण्णा म्हणाले, द्या इकडं, मी धरतो. दिली नाही. एक हात भरून आला की दुसऱ्या हातात घेत होतो.