पदराआडचा फुगा

आईच्या लग्नाचा एकच फोटो घरात होता आणि त्यात आईपेक्षा तिचा पदरच जास्त दिसत होता. तो पदर डोक्यावर मधोमध असा उचललेला, की आत कोणी पालथी वाटी लपवली असावी. घरी कोणी पाहुणी आली की आई तो फोटो काढायची आणि त्या उंचवट्यावर बोट ठेवून म्हणायची, "अंदर फुगा आहे. आमच्या सौंदडच्या स्टेशनबाबूच्या बायकोनं बनवला होता." मग ठरलेलं वाक्य यायचं, "पण कोणालेच नाही दिसला. माह्या सासूनं पदर ओढला."

फुगा म्हणजे केस उलटे विंचरून, आत काहीबाही कोंबून डोक्यावर उभा केलेला डोंगर. आईच्या तरुणपणी सिनेमातल्या बायका तो मिरवायच्या आणि गावोगावच्या पोरी आरशासमोर त्यांची नक्कल करायच्या. स्टेशनबाबूच्या बायकोने एका फाटक्या नायलॉनच्या मोज्यात गंगावनाचे केस भरले, तो गोळा आईच्या डोक्यावर बसवला, त्यावरून आईचे केस घेतले आणि ते हलू नयेत म्हणून साखरेचं पाणी लावलं. मांडवात मुंग्या लागल्या म्हणे. एवढी हौस केली आणि पाहिली कोणी, तर मुंग्यांनी.

बारावीनंतर, १९९९ साली, मी गोंदियाला पार्लरचा कोर्स केला. तेव्हा सगळ्या मुलींना सरळ, चपटे, तेल प्यायल्यासारखे केस हवे होते. पण आमच्या मॅडम जुन्या वळणाच्या. "पफ सीख लो, बाकी सब अपने आप आ जाएगा," म्हणायच्या. फुग्याचं नाव आता पफ झालं होतं, एवढाच फरक. बट उचलायची, कंगवा मुळाकडे दाबत न्यायचा, आत गुंता बसवायचा आणि वरची शेवटची बट अशी गुळगुळीत फिरवायची की आतला गुंता कोणाला कळू नये. माझे हात दुखून यायचे, पण मला ते जमलं. मॅडमनी वर्गासमोर माझ्या पफवर हात ठेवून पाहिला आणि तो बसला नाही. तेव्हाचा आनंद मी अजून विसरलेले नाही.

मग अर्जुनी मोरगावला, माहेरच्या घराच्या पुढच्या खोलीत, मी पार्लर टाकलं. पाचसहा वर्षं भुवया कोरण्यात गेली. आणि मग टीव्हीवरच्या सुना डोकी फुगवून फिरायला लागल्या आणि आमच्याकडची प्रत्येक नवरी 'पफ पाहिजे' म्हणत यायला लागली. मला वाटलं, आला माझा काळ. कसला काळ न कसलं काय!

पफचे दोन वैरी. पहिला तेल. कोरड्या केसांवरच गुंता धरतो, तेलकट केस कंगव्यातून निसटून जातात. मी प्रत्येक नवरीला बजावायची की डोक्याला तेल नको. आणि आमच्याकडे हळदीच्या वेळी तेल चढवल्याशिवाय लग्न लागत नाही. सवाशिणी आंब्याच्या पानाने एक-एक थेंब लावतात, असं सगळे सांगतात. प्रत्यक्षात एखादी मावशी अशी निघते, की तिची माया वाटीनेच ओतते. मग नवरी माझ्यासमोर बसायची ती भज्यासारखी निथळत. शाम्पूच्या पुड्यांवर पुड्या फोडायच्या, मुळांत पावडर चोळायची, लोडशेडिंगमुळे पंखा बंद, घाम माझ्या नाकावरून तिच्या मानेवर.

दुसरा वैरी पदर. दोन तास खपून मी पफ उभा करायची, आणि नवरी दारातून बाहेर पडायच्या आत कोणीतरी बाई तिच्या डोक्यावर पदर ओढायची. वर जरा दाबायचीसुद्धा, नीट बसावा म्हणून. एकाही लग्नाच्या अल्बममध्ये माझं काम दिसत नव्हतं. दिसायचा तो उंचवटा. पदर ओढायचा होता तर पफ कशाला हवा होता, असं मी एका नवरीच्या काकूला विचारलं. "अवो, फॅशन आहे न!" ती म्हणाली. मी कपाळावर हात मारून घेतला.

म्हणून धाकट्या बहिणीचं लग्न देवरीच्या मुलाशी ठरलं तेव्हा मी अट घातली. पफ मी करणार आणि मुहूर्ताच्या आधी, डोकं उघडं असताना, तिचा एक फोटो काढणार. तो फोटो मोठा करून पार्लरच्या भिंतीवर लावायचा होता. तिथे इतकी वर्षं कुठल्याशा कॅलेंडरातल्या नवऱ्या लटकत होत्या, ज्यांच्या केसांना माझा हात कधी लागलाच नव्हता. माझ्या हातचं काम माझ्या भिंतीवर असावं, एवढीच माझी मागणी. बहीण तयार झाली. आई तर माझ्याहून जास्त. "काढच तू फोटो," ती म्हणाली. "माह्यावाणी नको व्हायले."

हळदीच्या दिवशी आत्याने वाटी उपडी केली. अपेक्षेप्रमाणे. दुसऱ्या दिवशी पहाटे मी बहिणीचं डोकं तीनदा धुतलं, ती थंडीने नव्हे, माझ्या बोलण्याने थरथरत होती. पण त्या दिवशी हात असा लागला! कपाळावरून केस वर गेले ते एका ओळीत, मागे अंबाडा, त्यात मोगरा. बहिणीने आरशात पाहिलं आणि मान हलवेचना. आई दारात उभी राहून बघत होती आणि तिचे डोळे भरून आले होते. मला वाटलं, जिंकले.

फोटोवाला आला, कॅमेरा डोळ्याला लावला आणि म्हणाला, "सेल उतरले जी. आत्ता आणतो." मी त्याला काय काय म्हणाले ते इथे लिहीत नाही. तो चौकातल्या दुकानाकडे पळाला आणि तेवढ्यात बाहेर वाजंत्री वाजली. नवऱ्याकडचा चढावा, म्हणजे नवरीची साडी आणि दागिने, घेऊन तिचा भासरा, नवऱ्याचा मोठा भाऊ, ठरल्या वेळेच्या आधीच येऊन ठेपला होता.

"त्यांना ओसरीत बसवा, चहा द्या," मी ओरडले. "पाचच मिनिटं!"

पण भासऱ्यासमोर नवरीचं डोकं उघडं चालत नाही. आई पुढे झाली. तिने बहिणीचा पदर उचलला, डोक्यावर ओढला आणि तळहाताने दाबला. एकदा दाबून उंच वाटला म्हणून पुन्हा दाबला. स्प्रे मारलेले केस मोडल्याचा करकर आवाज मला ऐकू आला. भासरा आत आला, खाली मान घालून दागिने देऊन गेला. त्याने वर पाहिलंही नसेल. फोटोवाला सेल घेऊन परतला तेव्हा फोटो काढण्यासारखं काही उरलं नव्हतं.

वरात गेल्यावर मी आईवर तुटून पडले. ती मांडवातली भांडी गोळा करत होती.

"तूच? जन्मभर तू आजीच्या नावानं खडे फोडलेस, की सासूनं झाकला, सासूनं झाकला! आणि तूच दाबलास?"

आईने हातातलं पातेलं पुसून पालथं ठेवलं.

"सासू तं तवा मांडवातही नोयती आली," ती म्हणाली. "पदर माह्या मायनं ओढला होता."

"मग खोटं कायले सांगत होतीस?"

"मायचं नाव कसं घेऊ वो?"

माझा सगळा राग तिथेच अडकला. मी उरलेल्या यू-पिना डब्यात टाकल्या आणि सासरी निघून गेले. आठ दिवस आईशी बोलले नाही.

पुढच्या लग्नसराईत एक नवरी पफ करायला बसली होती. मी कंगवा मुळाकडे दाबत होते आणि माझी आई बाकावर नवरीच्या आईजवळ बसून गप्पा मारत होती.

"माह्या लहानीच्या लग्नात हिनं असा फुगा बनवला होता, का पाहतच राहावं," आई सांगत होती. "पण कोणालेच नाही दिसला. तिच्या सासूनं पदर ओढला."

मी आरशात आईकडे पाहिलं. तिने नजर चुकवली नाही. नवरीची आई "च्च्, कशा असतात न सासवा!" म्हणत मान डोलवत होती, आणि पदराला लावायच्या पिना तिने आधीच मुठीत धरून ठेवल्या होत्या.