ग्लासाआधी हात बघणाऱ्या मावशी

दौंड स्टेशनबाहेर कॉफीची गाडी लावणाऱ्या मावशी ग्लास देण्याआधी गिऱ्हाइकाचा हात बघतात. माझ्या पहिल्या मुलाखतीच्या सकाळी शिरूर स्टँडवर उपाशीपोटी दोन कॉफ्या पिऊन मी इथं उतरलो आणि तिसरी मागितली. छाती धडधडत होती. आमच्या घरातून कुणीच कधी मुलाखतीला गेलेलं नव्हतं; हे आपलं काम नाही, असंच वाटलं.

"मावशी, भीती वाटतेय. परत जातो."

"हात बघ कसा नाचतोय. भीती थोडी, कॉफीच जास्ती हाय. माझं बी व्हतं असं. खा आधी."

त्यांनी स्वतःच्या डब्यातली भाकरी दिली. हात थांबल्यावर मी मुलाखतीला गेलो.

आता रोज नोकरीवर जाताना मी आधी हात पुढे करतो आणि सांगतो, "भाकर खाऊन आलोय."