गाडीचं मोकळं नाक

रायपूरच्या तात्यापाऱ्यातल्या आमच्या भजनी मंडळात कोणाला जांभई आली की पेटीवाल्या कुसुमताई म्हणतात, "सांग वं, तुह्या गाडीचं काय नवीन?" किस्से इतके साठलेत की भजन अर्ध्यावरच राहतं!

हे रेल्वेतून रिटायर झाले आणि गुमसुम बसू लागले. मग मोबाईलवर पाहिलं, नवा एअर फिल्टर लावला की गाडीची ताकद वाढते. झालं, खोकं घरी! आत लालभडक, कळ्या पाडलेला उंच गोळा.

"अहो, हा तर मोदक!"

"मोदक नोय वं, गाडीचं नाक होय. आता मोकळं होते का नाही पाय!"

आणि हसले. किती महिन्यांनी! मी तिथल्या तिथे साकडं घातलं, "बाप्पा, ताकद वाढू दे. यांचं तोंड पुन्हा पडू देऊ नको."

"देव देवघरात, गाडी सडकेवर," हे म्हणाले. "कृपा पोचते कशी?"

"पोचते!"

*

फिल्टर लावून पहिली फेरी सदर बाजारात. आवाज असा, की सोनारांची गिऱ्हाइकं दाराशी आली. यांनी ॲक्सिलरेटर दाबला, गाडी गरजली... आणि पिशव्या लटकवलेल्या स्कूटीवरून एक मावशी आम्हाला मागे टाकून गेल्या. वर विचारलं,

"भैया, साइलेंसर फूट गे हे का?"

*

आमचा अनिकेत मराठी ऐकतो, उत्तर हिंदीत देतो.

"पापा, खुला फिल्टर इंजन की गरम हवा खींचता है. पॉवर नहीं, सिर्फ आवाज बढ़ी है."

"तुले काय समजते? मी फील करून राहिलो ना!"

"फील तो मम्मी को भी होता है, उपवास में!"

"उपासाचं नाव काढू नको," मी म्हटलं. "तिथे पॉवर खरीच येते."

*

मग मेकॅनिकने लॅपटॉप जोडून ट्यूनिंग केलं. कुसुमताई रुसल्या. "मले काहून नाही बोलावलं? सूर कोणता लावला, काळी दोन की पांढरी चार?"

गाडी दारात सुरू केली. ताईंनी डोळे मिटून ऐकलं.

"सुरात आहे. घसा बसला आहे फक्त."

*

खंडेनवमीला हे झोपलेले असताना पूजेसाठी मी अनिकेतकडून फिल्टर काढून घेतला. गाडी अडू नये म्हणून त्याने जुना बसवला. मी मोदकाला हळदकुंकू लावलं, कापसाची वस्त्रमाळ घातली, गणपतीशेजारी ठेवला. संध्याकाळी परत लावायचा, तर पाहुणे आले आणि राहूनच गेलं.

दसऱ्याला नवा रायपूरला लेकीकडे सोनं द्यायला निघालो. मोकळा, रुंद रस्ता. यांनी गाडी दामटली.

"पाहिलं? आवाज नाही, अन् ताकद डबल! पूजेचा गुण आहे वं!"

तेव्हा मला आठवलं. मागे अनिकेतला एकदम खोकला सुटला. मी वळून डोळे वटारले. यांचा चेहरा इतका खुलला होता, की रस्ता संपूच नये वाटलं.

घरी आल्यावर हे सोनं वाहायला थेट देवघरात गेले. मी मागे धावले, पण उशीर झाला होता. समोर वस्त्रमाळ घालून बसलेला लाल मोदक! हे बघतच राहिले.

मग यांनी आपट्याचं एक पान गणपतीला वाहिलं, एक फिल्टरला. हात जोडले. आणि वळून मला म्हणाले,

"खरंच पोचते वं!"