पुढची सीट

आमच्या शेजारच्या आजींच्या गॅरेजमध्ये एक चिंचोळी गाडी होती. त्यांच्या नवऱ्याच्या आजोबांनी इथेच, बर्मिंगहॅममध्ये, मोटारसायकलचं इंजिन बसवलेल्या अशा हलक्या, छोट्या गाड्यांचा कारखाना काढला होता. तो जेमतेम काही वर्षं चालला. पहिलं महायुद्ध आलं, कामगार लढायला गेले आणि कारखान्याला टाळं लागलं. ही एवढी एकच गाडी उरली. तिच्यात दोघं एकामागे एक बसतात, आणि चालवणारा मागे! मी स्वतः गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर; माझ्या टीममध्ये कुणी असलं उफराटं डिझाइन आणलं असतं तर हाकलूनच दिलं असतं.

आजींचा नवरा, म्हणजे आमचे शेजारचे आजोबा, उन्हाळ्यात वारले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्युझियमची माणसं गाडी न्यायला येणार होती. त्याआधी आजींना तिच्यातून एकदा फिरायचं होतं. चालवणार कोण? मीच.

दसऱ्याला आम्ही आमची गाडी धुतली, हळदकुंकू वाहिलं, हार घातला. उरलेला हार मी आजींच्या गाडीसाठी उचलला.

"अगं, त्यांना विअर्ड वाटेल हं," नवरा म्हणाला.

"वाटू दे. सणाच्या दिवशी ओकीबोकी बाहेर काढू का?" मी ऐकते थोडीच!

आजी बाहेर आल्या, झेंडूचा हार पाहिला आणि भिंतीला टेकल्या. "फुलं घातलेली गाडी मागच्या वेळी त्याला घेऊन गेली," त्या म्हणाल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी हार काढायला धावले.

"राहू दे. चल."

मी मागे बसले. इंजिन फटफटलं. आजींच्या पांढऱ्या केसांमुळे मला धड रस्ताही दिसेना. आजोबांनी इतकी वर्षं हेच पाहिलं असणार. आणि आजींनी त्यांना ही गाडी चालवताना कधी पाहिलंच नव्हतं. मागे तो आहे, एवढंच त्यांना ठाऊक.

कोपऱ्यावर आजी बोलू लागल्या. बागेबद्दल, गुडघ्याबद्दल, मुलाचा फोन येत नाही त्याबद्दल. माझ्याशी नव्हे. मला भीती वाटत होती, पण त्यांना थांबवायचं धाडस होईना. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

घरापाशी आल्यावर मी इंजिन बंद करायला हात नेला.

"आत्ताच नको," मान न वळवता त्या म्हणाल्या. "बंद केलंस की मला मागे बघावं लागेल."

मी हात मागे घेतला. पेट्रोल संपेपर्यंत आम्ही तशाच बसून राहिलो.