तीन पायऱ्यांचा कठडा

वेल्डिंग मला येतं. अगदी झकास नाही, पण माणूस भार टाकेल इतपत नक्की येतं. शिकले बावन्नाव्या वर्षी, तेही बाबांच्या जुन्या मशिनवर. बाबा रेल्वेत फिटर होते. निवृत्त झाल्यावर हौस म्हणून त्यांनी वापीहून ते धूड आणलं आणि चिखल्याच्या आमच्या घरामागे ठेवलं. वाडीचं फाटक, टाकीचा स्टँड, चिकूचे क्रेट वाहायची गाडी, सगळं त्यांच्या हातचं. जोड झाला की हातोडीने ठोकून बघायचे. दुसऱ्याने केलेला असला तर दोनदा ठोकायचे. मशिनला मात्र दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, ही ताकीद.

मग त्यांचं खुब्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोज चालले नाहीत तर पाय आखडून बसेल. चालायचं तर वाडीत, आणि वाडीत उतरायचं तर ओट्याच्या तीन पायऱ्या. मी म्हटलं, मी धरते. "मला कोणी धरायचं नाही. मी काय पोतं आहे?" म्हणजे आला कठडा. डहाणूचा फॅब्रिकेटर म्हणाला, दोन आठवड्यांनी येतो. दोन आठवडे झाल्यावर पुन्हा तेच म्हणाला. तोवर बाबा खिडकीजवळच्या खाटेवरून उठेनासे झाले. मला असा संताप आला! म्हटलं, गेला उडत, मीच करते.

मी तलासरीला शाळेत शिकवते. येताना दुकानातून पाइप मापात कापून घेतले, वेल्डिंगच्या रॉडचं पाकीट घेतलं. दुकानदार माझ्या साडीकडे बघत म्हणाला, "बेन, संभाळजो हं!" त्याला म्हटलं, काळजी नको.

आता आमच्याकडची रीत सांगायला हवी. खाऱ्या वाऱ्यात उघडं लोखंड एका रात्रीत तांबडं होतं, म्हणून घरात लोखंड आलं की आधी रेड ऑक्साइडचा हात, मग चहा. मीही तेच केलं. सगळे पाइप टोकांसकट रंगवले, वाळवले आणि शनिवारी दुपारी शाळा सुटल्यावर पायऱ्यांशी मांडले. तोंडावर काळ्या काचेचा मुखवटा, हातात चामड्याचे मोजे. मशिन घुंऽऽ करायला लागलं आणि मला वाटलं, जिंकलं!

कसलं काय. रॉड टेकवते तर ठिणगीच नाही. जोरात घासला तर भक्कन पेटला आणि चिकटून बसला. धुराने डोळ्यांत पाणी. कितव्या तरी खेपेला खालच्या पायरीजवळचा एक जोड कसाबसा झाला, तोही अनारशासारखा जाळीदार.

"रंग लावलास काय पाइपांना?" खिडकीतून बाबा.

"हो मग! गंजले असते ना."

"आठवीला काय शिकवतेस गं शाळेत?"

विज्ञान शिकवते. वाहक आणि दुर्वाहक! रंगातून वीज जाते कुठे? दरवर्षी फळ्यावर आकृती काढून शिकवते. लाजेने कान तापले.

मग टोकं खरवडून चकचकीत केली, अर्थिंगचा चिमटा लावायची जागाही. बाबा खाटेवरून नुसत्या आवाजावर शिकवायला लागले. "फटफट नको. भजी तळल्यासारखं वाजलं पाहिजे. रॉड जवळ ने... आता घाई करतेस." आणि चारच्या सुमाराला, "बस कर आता. वाड्यांच्या पाण्याच्या मोटारी सुरू झाल्या, व्होल्टेज पडणार." खरंच, मशिनने मान टाकली. पण तोवर पाच जोड पक्के झाले होते आणि मी हवेत होते.

राहिला तो पहिला, रंगावरचा. तो कापून पुन्हा करायला हवा होता. मी काय केलं? त्यात पुट्टी भरली, घासली, वरून रंग दिला. दिसायला सगळ्यांत देखणा तोच झाला.

रविवारी सकाळी बाबा वॉकर घेऊन ओट्यावर आले. मी खाली उभी. त्यांनी वॉकर सोडून एक हात कठड्याकडे नेला.

"थांबा बाबा!"

हातोडी आणली आणि तो खालचा जोड ठोकला. दुसऱ्या घावाला पुट्टी उडाली, पाइप सुटून लोंबायला लागला. "रंगावरचा होता," मी म्हटलं. "झाकला होता मी."

"माहीत आहे. खरवडल्याचा आवाज पाचच जोडांचा आला."

"मग हात कशाला पुढे केलात?"

"बोलतेस का बघत होतो."

"आणि नसते बोलले तर?" मी जवळजवळ ओरडलेच.

"तर मशिन विकून टाकलं असतं," असं म्हणून ते आत गेले.

मला त्यांचा राग आला आणि स्वतःची त्याहून जास्त लाज वाटली. दुपारी मोटारी बंद असताना तो जोड खरवडून पुन्हा केला. भजी तळल्याचा आवाज मलाही ऐकू आला.

चारला बाबा पुन्हा ओट्यावर आले. मी हातोडी त्यांच्यासमोर धरली.

"ठेव ती आत," ते म्हणाले. कठड्यावर सगळा भार टाकला आणि उतरले. एक. दोन. तीन. जोडाकडे पाहिलंसुद्धा नाही. मी खाली आणून दिलेला वॉकर टेकत पहिल्या चिकूपर्यंत गेले, खोडाला हात लावून जरा दम खाल्ला आणि तिथूनच ओरडले, "फाटकाची कडी निघालीय गं! तुझं मशिन आण आणि लावून टाक."