एका सुराचा शेवट मी बदलला, त्याची गोष्ट

शनिवारच्या कॉन्सर्टचं तिकीट पंधरा डॉलर. दोघांचे तीस. एमआरटीचं, म्हणजे इथल्या मेट्रोचं भाडं आणि मध्यंतरातली पाणचट कॉफी धरून चाळीसच्या आत भागलं... खरी किंमत त्याच्या दोन आठवडे आधीच भरून झाली होती. ती माझ्या मुलीनं भरली, आणि मला पत्ताही नव्हता.

गौतमी तेरा वर्षांची. इथल्या मुलांच्या एका ऑर्केस्ट्रात क्लॅरिनेट वाजवते. यंदा तिला पहिली खुर्ची मिळाली होती, म्हणजे क्लॅरिनेटचा एकट्यानं वाजवायचा तुकडा तिचा. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये रोज जेवणानंतर तासभर रियाज चालायचा.

आता माझे कान. तुमच्यापैकी निम्म्यांनी त्यांची गोष्ट माझ्या तोंडून ऐकली आहे, इथल्या आपल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तर दोनदा. मी गोदीत फिटर म्हणून लागलो, जहाजावर चढलो, तिथे लांब स्क्रू ड्रायव्हरचं एक टोक इंजिनला आणि दुसरं कानामागच्या हाडाला लावून ऐकायला शिकलो. भर समुद्रात मी चीफ इंजिनिअरला सांगितलं होतं, "सर, चार नंबरचा सिलिंडर बिघडलाय." नुसत्या आवाजावरून.

त्याआधी, लहानपणी, वस्तीतल्या गायनपार्टीत पेटीवर बसायचो. सूर कितीही फिरून आला तरी शेवटी सा वर टेकतो, हे तेव्हापासून अंगात भिनलेलं.

गौतमीचा तो तुकडा मात्र टेकतच नव्हता. जिना धावत चढावा आणि वरच्या पायरीच्या एक आधी थांबावं, तसं काहीतरी... रोज तेच. चौथ्या दिवशी मी पेपर खाली ठेवला.

"बाळा, अर्धवट सोडतेस. सा वर ये."

"बाबा, तसंच लिहिलंय लाह." इथल्या मुलांसारखं तिच्या वाक्याला हे लाह चिकटतंच.

"लिहिणाऱ्याची चूक होते. कानाची होत नाही."

ती अजून काहीतरी सांगायला लागली, तेवढ्यात मी सिलिंडरची गोष्ट सुरू केली. ती संपेपर्यंत तिनं क्लॅरिनेट मांडीवर धरून ठेवलं होतं. मग मी तिला तो तुकडा सा वर आणून पुरा करायला लावला. एकदा नाही, पंधरा दिवस. शेवटी बोटं आपोआप तिथे जायला लागली आणि मी आतल्या खोलीत खूश.

मग एक दिवस बायको म्हणाली, "तिची खुर्ची बदलली. दुसरीवर बसवलंय."

मी म्हणालो, "त्यांच्या मास्तरला कान नाहीत." एवढं बोलून जेवायला बसलो. गौतमी जेवायला आली नाही, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

शनिवारी मी हाताची घडी घालून बसलो होतो. चुका पकडायलाच गेलो होतो म्हणा ना. वाजवायच्या आधी कंडक्टर प्रेक्षकांकडे वळला. म्हातारा, बारीक आवाजाचा माणूस. म्हणाला, ही दोनशे वर्षांपूर्वीची रचना आहे. हिची सुरुवात म्हणजे सृष्टी होण्याआधीचा गोंधळ. पण गोंधळ म्हणून नुसता धिंगाणा घातला तर तो दोन मिनिटांत कंटाळवाणा होतो... म्हणून त्या काळच्या या संगीतकारानं काय केलं, तर प्रत्येक सूर घराच्या दारापर्यंत नेला आणि आत जाऊ दिला नाही. ऐकणाऱ्याला सतत वाटतं, आता टेकेल. टेकत नाही.

मग त्यानं पहिल्या खुर्चीवरच्या क्लॅरिनेटवाल्या मुलाला खूण केली. मुलानं तोच तुकडा वाजवला. जिना, आणि वरून दुसरी पायरी.

"आणि हा पुरा केला तर?" मुलानं तो सा वर आणला. अगदी माझ्यासारखा.

अख्खा हॉल हसला. वाईट नव्हतं ते हसू, शाळेच्या बँडसारखं गोड वाजलं म्हणून हसले. कंडक्टर म्हणाला, "बघा, सृष्टी झाली पण. आता आम्ही घरी जाऊ का?"

दुसऱ्या खुर्चीवरची गौतमी मान खाली घालून समोरचा कागद बघत होती. बायकोनं माझ्याकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मग ते वाजलं. सगळे सूर दारापर्यंत येऊन परत फिरत होते, अंधारात चाचपडल्यासारखे. शेवटी कोरस अगदी कुजबुजत गायला लागला, आणि प्रकाश या शब्दावर सगळी वाद्यं एकदम सा वर आली... मी आयुष्यात अनेक इंजिनं सुरू होताना ऐकली आहेत. असं काही सुरू होताना ऐकलं नव्हतं. तेव्हा कळलं, तो सा इतका वेळ कशासाठी राखून ठेवला होता. मी तो आमच्या हॉलमध्ये रोज फुकट उधळत होतो.

परतीच्या ट्रेनमध्ये मी विचारलं, "तू मला आधी सांगायचं नाही का?"

"सांगत होते. यू वर टेलिंग द सिलिंडर स्टोरी."

बेडोक स्टेशन आलं. मग मी म्हणालो, "चुकलं गं माझं. तुझी खुर्ची माझ्यामुळे गेली."

ती खिडकीबाहेर बघत होती. "पुढच्या वर्षी परत ऑडिशन देईन. पण प्रॅक्टिसच्या वेळी तू खाली जायचं. कॉफी शॉपमध्ये."

"जाईन."

गेले चार दिवस जातोय. आज तिथेच बसून हे लिहितोय, आणि लिहायलाच बसलोय तर उरलेलंही सांगतो.

त्या दिवशी भर समुद्रात इंजिन थांबवून आम्ही चार नंबर उघडला. तो ठणठणीत होता. बिघाड पाच नंबरमध्ये निघाला.